खालच्या स्वराचा कागद

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी मेरठहून एक नवा टुबा विकत आणला. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, जत्रेतली पिपाणी सोडली तर आयुष्यात काही फुंकलेले नाही, आणि घरात ठेवायला जागा नाही. किती रुपये मोजले ते इथे लिहीत नाही; हा अंक आमच्या घरीही वाचला जातो. सचखंड एक्स्प्रेसमध्ये ती पेटी बर्थखाली जाईना, तेव्हा तपासनिसाने विचारले, यात काय आहे? बाजा, मी म्हणालो. "एकच?" असे विचारून तो पुढे गेला.

खरेदीचे कारण मात्र संशोधनाचे होते. दोन वर्षांपूर्वी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात रद्दीच्या ढिगात मला जाड कागदाची काही छापील कार्डे मिळाली. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी, कडा कुरतडलेल्या, मागचा शिक्का ओल लागून पुसलेला. संचलनात चालता चालता वाजवणाऱ्याच्या वाद्याला अडकवण्यासाठी अशी कार्डे छापली जात. एका कार्डाच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरे होती: ई-फ्लॅट बास. म्हणजे बँडमधल्या खालच्या स्वराच्या वाद्याचा कागद. या शहरातल्या बँडांविषयी मी बरीच वर्षे टिपणे काढतो आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, फोटो, म्हाताऱ्या वाजवणाऱ्यांच्या आठवणी असे बरेच जमले आहे. पण समोर ठेवून वाजवायचा कागद पहिल्यांदाच हाती आला, आणि तो मला वाचता येईना.

वाचता येणाऱ्यांनाही तो नीट लागला नाही. कीबोर्ड शिकवणाऱ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी कार्ड पाहिले आणि म्हणाले, "छपाईची चूक आहे. बास म्हटले की बास क्लेफ हवा. हे कॉर्नेटचे पान असणार." पाच रेषांच्या डाव्या टोकाला जे वळणदार चिन्ह असते ते क्लेफ, कोणती रेषा म्हणजे कोणता स्वर हे त्यावरून ठरते. ट्रेबल क्लेफ व्हायोलिन-बासरीसारख्या उंच आवाजांसाठी आणि बास क्लेफ खर्जासाठी, एवढे प्राथमिक पुस्तकातही असते. मग बँडमधल्या अवजड वाद्याच्या माथी बासरीचे चिन्ह कसे? शिवाय कार्डाच्या खालच्या भागात स्वरांवर पेन्सिलीने उर्दू आकडे लिहिलेले होते. ते रद्दीवाल्याचे हिशेब असावेत असे मी धरून चाललो. दोन्ही बाबतींत मी आणि शिक्षक चुकलो होतो, हे कळायला वर्ष गेले.

या शहराला सरकारी वाजंत्र्यांची सवय जुनी आहे. (शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर, मागच्या काळाविषयी लिहिताना मी तेव्हाचे औरंगाबाद हे नाव वापरतो.) किले अर्कच्या परिसरातला नौबत दरवाजा त्याची खूण सांगतो. मोगल नक्कारखान्यात काय काय वाजे याची यादी अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त आहे. तीत नगारे, सुरना, नफीर, शिंग आणि कर्णा आहेत. म्हणजे धातूची नळी फुंकणे आपल्याला इंग्रजांनी शिकवले असे नाही. पण या कर्ण्याला कळा नव्हत्या. एका लांबीच्या नळीतून निसर्ग देईल तेवढेच मोजके स्वर निघत. ती विद्या बापाकडून मुलाकडे जाई. कागदाची गरज नव्हती.

छावणीचा बाजा ही वेगळी गोष्ट. खाम नदीपलीकडच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटची फौज असे. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात गेले. त्या काळच्या पलटणींत बँड ठेवण्याची रीत होती. बँड छावणीचा असला, तरी त्याचा पैसा आपल्या काळ्या जमिनीच्या साऱ्यातून येत होता, हे विसरू नये. १८५७ च्या जूनमध्ये याच छावणीतल्या पहिल्या रिसाल्यात उठाव झाला. तो मोडायला बाहेरून फौज आली, शिपायांना देहान्त शिक्षा झाल्या. क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याची आठवण त्या दिवसांशी जोडली जाते. पलटणीच्या बाजाबद्दल लिहिताना हेही त्याच्या शेजारी ठेवावे लागते.

योगायोग असा, की त्याच १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे ब्रिटिश लष्कराची संगीतशाळा सुरू झाली. तिच्यामागची हकिकत बँडच्या जगात नेहमी सांगितली जाते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, राणीच्या वाढदिवसाची परेड तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथे झाली. जमलेल्या सगळ्या बँडांनी राणीचे गीत एकाच वेळी वाजवले. प्रत्येकाची पट्टी वेगळी, मांडणी वेगळी. परक्या सेनानींच्या देखत शोभा झाली. तेव्हा ठरले, की बँडमास्तर एका शाळेत शिकले पाहिजेत आणि सर्वांपुढचा कागद एक पाहिजे. नोटेशनची सक्ती झाली ती अशी, फजितीतून.

टुबा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. लष्करी वाद्यांपैकी फार थोड्यांची जन्मतारीख सांगता येते, याची येते. १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात वीप्रेख्त हा लष्करी बँडांचा संचालक आणि मॉरित्झ हा वाद्यकार यांना 'बास टुबा'चे पेटंट मिळाले. त्याआधी युरोपी बँडात खर्जासाठी सर्पंट नावाचे नागमोडी वाद्य असे, नंतर ऑफिक्लाइड आले. मराठी राज्यकर्त्यांपैकी युरोपी बँड आणि त्याचा कागद दोन्ही आपलेसे करणारे ठळक नाव म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे. त्यांच्या वाड्यात बँड होता, आणि पाश्चात्त्य नोटेशनचा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. पण ते १८३२ मध्ये वारले. टुबा त्यांना पाहायला मिळाला नाही.

कर्णा आणि टुबा यांतला फरक कळांचा. टुबाची नळी उलगडली तर ई-फ्लॅट वाद्याची लांबी सुमारे तेरा फूट भरते. कोणतीही कळ न दाबता ओठ सैल-घट्ट केले तर त्या नळीतून सा, प, वरचा सा, ग, प असेच स्वर निघतात. मधल्या जागा भरायच्या तर नळी क्षणात लांब करता यायला हवी. ते काम कळ करते. दुसरी कळ दाबली की हवा एका छोट्या वळणातून जाते आणि स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिलीने दोन अर्धस्वरांनी, तिसरीने तीन. या तिघींच्या जुळण्यांतून सगळे स्वर मिळतात. जर्मनीत १८१४ च्या सुमारास ही कळ निघाली नसती, तर टुबाही निघाला नसता.

आता क्लेफचे कोडे. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ सॅक्स याने सॅक्सहॉर्न नावाचे एक अख्खे कुटुंब काढले. सर्वांत लहान वाद्यापासून सर्वांत मोठ्यापर्यंत घडण एक, कळा त्याच, बोटे तीच. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आणि खाणींत कामगारांचे बँड निघत होते. त्यांनी ही वाद्ये उचलली आणि लिहिण्याची एक सोपी रीत रुळवली: वाद्य लहान असो की मोठे, जवळजवळ सगळ्यांचा कागद ट्रेबल क्लेफमध्येच लिहायचा. कळ न दाबता निघणाऱ्या स्वराला कागदावर 'सी' म्हणायचे, मग प्रत्यक्षात तो कोणत्याही उंचीवर निघो. कॉर्नेटवाला आजारी पडला, बासवाला गाव सोडून गेला, तरी दुसरा माणूस ते वाद्य उचलून त्याच बोटांनी तोच कागद वाजवू शकतो. दिवसभर मागावर उभे राहून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसाला दोन लिप्या शिकायला वेळ कुठून असणार?

म्हणजे माझे कार्ड चुकीचे नव्हते. लाकडी वाद्येही असलेल्या लष्करी बँडासाठी छापलेल्या संचात बासचा कागद बहुधा बास क्लेफमध्ये असतो. ट्रेबल क्लेफमधला बास ही निव्वळ पितळी बँडाची खूण. एका कार्डावरून इतिहास लिहू नये, पण हे कार्ड कोणत्या प्रकारच्या संचातले आहे एवढे तरी ते सांगते.

आपल्याला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. 'सी' जिथे असेल तिथे नाही, मी जिथे आहे तिथे 'सी'. हा तर आपला सा आहे. काळी एक असो की पांढरी चार, गायक आपल्या पट्टीत सा लावतो आणि पुढचे सगळे त्यावरून मोजतो. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब देतात. गिरणी कामगारांनी ते टिंबही काढून टाकले एवढेच.

हे सगळे पुस्तकातून कळले होते. पण पुस्तकातून कळलेले तपासायचे तर वाद्य हवे, म्हणून मेरठ. तिथल्या जाली कोठी भागात बँडच्या वाद्यांची दुकाने आणि कारखाने आहेत. १८८५ साली सुरू झालेली नादिर अली कंपनी त्यांतली जुनी. लष्कराच्या गरजेपोटी वाढलेला हा धंदा पुढे लग्नांच्या बँडांवर उभा राहिला. मी ज्या दुकानात गेलो तिथल्या माणसाने आधी विचारले, "शादी के लिए चाहिए?" मी ई-फ्लॅट टुबा मागतो आहे म्हटल्यावर तो थांबला. "सूसाफोन ले जाइए. फोटो में अच्छा आता है." सूसाफोन म्हणजे खांद्यावरून गुंडाळून डोक्यावर फाकणारा मोठा भोंगा. अमेरिकी बँडमास्तर सूसा यांच्या कल्पनेवरून तो १८९० च्या दशकात निघाला. दुकानदाराचा सल्ला व्यवहाराचा होता, आणि त्यात आपल्याकडच्या या वाद्याची सगळी कथा होती. मी पाहिलेल्या वरातींत तो भोंगा नेहमी पुढे असतो आणि बहुतेक वेळा मुका असतो. वाजलाच तर ट्रम्पेटचेच गाणे खालून, मागेमागे.

शिकवायला मला छावणीतच एक निवृत्त बँडमास्तर भेटले. जालना जिल्ह्यातल्या एका मातंग कुटुंबातले. वडील गावकीत हलगी वाजवत. बोलावले की जायचे; नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मोबदला म्हणजे सुगीला पदरात पडेल ते. मास्तर लष्करात बँडात भरती झाले, पचमढीला शिकले, निवृत्तीनंतर काही वर्षे इथल्या लग्नांच्या बँडात काढली. पहिले दोन आठवडे त्यांनी मला कागद दाखवलाच नाही. नुसता एक स्वर लांबवायचा. शेजारच्यांनी म्हैस घेतली का म्हणून चौकशी केली. मग कागद आला. "बासवाल्याला स्वर कमी असतात सर, मोजणी जास्त," ते म्हणाले. एक दोन तीन चार, दुसऱ्या मात्रेला गप्प, चौथीला गप्प. पहिलीला सा, तिसरीला प. महिनाभर मी एवढेच केले, आणि तेवढेच चुकवले.

मग एके दिवशी मी ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून पेन्सिलीचे आकडे पाहिले आणि विचारले, "हे हिशेब आहेत असं कुणी सांगितलं? ही बोटं आहेत." उर्दूत शून्याच्या जागी टिंब देतात, मला ते डाग वाटले होते. त्यांनी बोट ठेवून वाचले: शून्य, एक-तीन, एक-दोन, एक, शून्य. म्हणजे सा रे ग म प. कुणीतरी, उर्दू आकडे शिकलेल्या कुणीतरी, छापील स्वरांवर आपल्या कळा लिहून ठेवल्या होत्या. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेची आणि कचेरीची भाषा होती, त्यामुळे यावरून माणसाची जात, धर्म, गाव काही ठरत नाही. एवढे मात्र ठरते, की बासचा कागद या भागातल्या एका माणसाने शिकण्यासाठी हाताळला होता.

मग प्रश्न उरतो, की पुढे हा कागद गेला कुठे? वाद्ये तर आली. क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ढोल, सगळे वरातीत आले. गणवेशही आला, झुपक्यांची टोपी आली. नोटेशन तेवढे छावणीच्या फाटकाशी थांबले. मी मास्तरांना विचारले, इतर वाजवणाऱ्यांनाही विचारले. उत्तरे व्यवहाराची आहेत. लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत. उरलेल्या दिवसांत बँडातला माणूस शेतावर, हमालीवर. पुढच्या हंगामात तोच येईल याची खात्री नाही. गाणी दरवर्षी बदलतात. नवे गाणे कागदावर उतरवायला कोण बसणार? त्यापेक्षा मास्तराने रेकॉर्ड ऐकावी, चाल वाजवून दाखवावी, बाकीच्यांनी कानाने उचलावी. ही पद्धत कमी प्रतीची नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व या बँडांनी जे नाव मिळवले ते पाहिल्यावर बँडवाल्यांच्या कानाविषयी शंका घेण्याची कुणाची छाती होणार नाही.

पण कानाने उचलताना जे उचलले जाते ती चाल. चाल एकच, ती सगळ्यांनी वाजवायची. आपल्या संगीतात पाश्चात्त्यांसारखी स्वरसंगती नाही, मग बासला काम काय, असा आक्षेप जाणकार घेतात. मला तो पुरता पटत नाही. तंबोऱ्याचा खर्ज गाण्याला काय देतो हे आपण जाणतो. आणि वराती ज्या सिनेमाच्या गाण्यांवर चालतात, त्या गाण्यांत बासची ओळ मुळातच असते. ती लिहिण्यात गोव्याच्या वादकांचा आणि मांडणीकारांचा मोठा वाटा होता. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवत. ती मुले मोठी होऊन मुंबईच्या वाद्यवृंदांत आली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सबॅस्टियन डिसोझांनी वाद्यवृंदाची मांडणी केली. प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. तिथे प्रत्येक वादकापुढे त्याचा स्वतःचा कागद असे. तेच गाणे गुलमंडीवरच्या वरातीत येताना खालची ओळ गाळून येते. टुबावाल्याच्या हाती वाद्य उरते, काम उरत नाही.

मास्तरांनी हे वेगळ्या शब्दांत सांगितले. लग्नाच्या बँडात पहिल्या वर्षी त्यांनी रात्री जागून तीन गाण्यांच्या बासच्या ओळी लिहिल्या, उर्दू-मराठी-इंग्रजी येणाऱ्या तिघांना तीन प्रकारे. तालमीत दोनदा जमले. वरातीत नवऱ्याच्या मित्रांना तो आवाज कमी वाटला. मालकाने सांगितले, सगळ्यांनी गाणेच वाजवा. "कागद म्हणजे काय सर," ते म्हणाले, "प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगितलेलं असतं. फौजेत मला मिळालेला पहिला कागद माझा होता. माझ्या ओळीत दुसरं कुणी नव्हतं. वडलांना सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं होतं, वाजव."

मी याला जोडून सिद्धान्त मांडणार नाही. मराठवाड्यात वाद्य वाजवणे अनेक पिढ्या सक्तीचे होते, आणि १९५६ नंतर ज्यांनी गावकीची कामे सोडली त्यांनी त्याबरोबर वाजंत्रीही सोडली, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी ती सोडली नाही, त्यांना बँडाच्या गणवेशाने थोडी इज्जत दिली आणि रोख मजुरी दिली. स्वतःची ओळ मात्र दिली नाही. ती छापून आली होती, कुणीतरी शिकायला बसलाही होता. माझ्याकडचे कार्ड तेवढेच सांगते.

यंदा उन्हाळ्यात मास्तरांनी चार जुने सोबती जमवले: दोन कॉर्नेट, एक हॉर्न, एक युफोनियम. बास मी. कार्डावरचा मार्च त्यांनी बाकीच्यांसाठी अदमासाने लिहून काढला होता. छावणीतल्या एका मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली, सकाळी सात वाजता आम्ही तो वाजवला. पहिला भाग सा-प, सा-प असा निभावला. दुसऱ्या भागात, जिथे पेन्सिलीचे आकडे सुरू होतात, तिथे वरच्या सगळ्यांना तोडक्या मात्रा दिल्या होत्या आणि चाल बासकडे होती. इंग्रजी मार्चमध्ये असा भाग पुष्कळदा असतो. तो अनोळखी माणूस नेमका तेवढाच भाग का घोकत होता ते तेव्हा समजले. बाकी कार्डावर त्याला मदतीची गरज नव्हती.

मी तिसऱ्या ओळीत अडखळलो. एक-तीनच्या जागी एक-दोन दाबले. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, खिशातून पेन्सिल काढली आणि त्या जुन्या आकड्यांवरच, जिथे टिंब पुसट झाले होते तिथे, ते पुन्हा ठळक केले.

"इथून," ते म्हणाले.